सवतीच्या पोटात

लग्नाची नवलाई ओसरायच्या आधीच नवरा दुसरीकडे राहायला गेला. दुसरी म्हणजे डिझेलवर चालणारी एक पाणबुडी. लांबलचक, काळी, वर्षातले बरेच महिने पाण्याखाली तोंड लपवून बसणारी. नवरा तिच्यावर मेकॅनिक होता. बंदरावरून जो चढाचा रस्ता वर येतो त्या रस्त्यावर त्यांचं घर होतं, आणि घराखाली बायकोची लाँड्री. लाँड्रीच्या दारात उभं राहिलं की धक्का दिसायचा. पाणबुडी धक्क्याला लागली की ती समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायची, “चला, सवतीनं सोडला एकदाचा. आज पाणी जास्त तापवायला हवं.”

पाणी तापवायचं ते नवऱ्याच्या कपड्यांसाठी. त्या कपड्यांना डिझेलचा, घामाचा, उकडलेल्या कोबीचा आणि आणखी कशाचा तरी असा एक वास यायचा, की साबण त्याच्यापुढे हात टेकायचा. सोडा घालून उकळून झालं, लिंबू चोळून झालं, दोन-दोन दिवस उन्हात टाकून झालं. एकदा चुकून ते कपडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर टबात गेले, तर एका वकिलानं कोर्टातून निरोप पाठवला की माझ्या शर्टाला पेट्रोल पंपाचा वास का येतोय? तेव्हापासून नवऱ्याचा टब वेगळा.

बरं, एवढे महिने बाहेर राहून आलेला माणूस काही बोलेल? छे.

“कुठं होतात?”

“खाली.”

“खाली म्हणजे?”

“पाण्याखाली.”

“काय केलंत एवढे दिवस?”

“काही विशेष नाही.”

नौदलाची गुपितं असतात हे तिला मान्य होतं. पण याच्या तोंडून जेवणात मीठ कमी की जास्त हेसुद्धा बाहेर पडत नसे. शत्रूच्या हेरानं या माणसाबरोबर संसार मांडला असता, तर तो बिचारा कंटाळून आपल्या देशी परत गेला असता.

एकाच गोष्टीबद्दल तो बोलायचा. त्याची केबिन. लग्न ठरत होतं तेव्हाच त्यानं सांगितलं होतं की पाणबुडीवर त्याला स्वतंत्र केबिन आहे. छोटी आहे, पण आपली आपली. दार आहे, टेबल आहे, टेबलावर दिवा आहे. पुढं दिव्याशेजारी तिचा फोटोही आला. तिला फार बरं वाटलं होतं. स्वतः ती ज्या खोलीत झोपायची तिथं छताला दोऱ्या बांधलेल्या असत आणि दोऱ्यांवर लोकांच्या चादरी, सदरे, कधी पावसाळी दिवसांत न वाळलेल्या पँटी. डोळे मिटताना तिच्या नाकावर परक्या माणसाची बाही लोंबत असायची. घरातल्या एकाला तरी खोली आहे, या विचारानं तिला समाधान वाटायचं. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही.

मग तिनं त्या टेबलासाठी टेबलक्लॉथ भरायला घेतला. पांढऱ्या कापडावर कडेनं हिरव्या पानांची वेल. नवरा तो घेऊन गेला. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, “टेबलाला शोभतो का?”

“शोभतो.”

“बाकीचे काय म्हणतात?”

“चांगला म्हणतात.”

एवढ्या कौतुकावर तिनं दुसरा भरला. मग तिसरा. मग ती दर हिवाळ्याला एक भरायला लागली. इस्त्री करता करता ती गिऱ्हाइकांना केबिनबद्दल सांगायची, आणि सांगताना कधी एखादी खुर्ची वाढवायची, कधी एखादी खिडकी. पाणबुडीला खिडकी नसते हे तिला कुणी सांगितलं नाही. ज्यांना ते माहीत होतं ते सगळे खाली होते.

लेक झाली, मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. आधी नवरा निवृत्त झाला, मग काही वर्षांनी पाणबुडीही. आणि तिथून बायकोचे खरे हाल सुरू झाले.

पाणबुडीवर गोडं पाणी जपून वापरावं लागतं. नवऱ्याला एक मग पाण्यात आंघोळ करायची सवय, आणि बायकोची लाँड्री! नळाचा आवाज आला की हा असेल तिथून धावत यायचा. पाणी असं वाहतं बघून त्याचा जीव वरखाली व्हायचा. एकदा तर गोधड्यांना साबण लावून झाला आणि ती धुवायला वळली, तर नळ कोरडा. यानं मागच्या गल्लीत जाऊन मुख्य कॉकच बंद केलेला. शिवाय घरात चालताना प्रत्येक दार मागं घट्ट लावून घ्यायचा. ती हातात कपड्यांचा ढीग घेऊन येणार, आणि दार बंद. तिनं लेकीला फोनवर सांगितलं, “तुझे बाबा घरी आलेले नाहीत. घरालाच त्यांनी पाण्याखाली नेलंय.”

एवढ्यात बातमी आली की पाणबुडी भंगारात न काढता तिचं संग्रहालय करणार. तिला बंदराच्या कडेला काँक्रीटच्या ओट्यावर ओढून बसवलं, लोकांना चढ-उतर करता यावी म्हणून दोन्ही टोकांना भोकं पाडून जिने लावले, बाहेरून रंग दिला. माहिती सांगायला जुने लोक हवेत अशी जाहिरात लागली. तिनं नवऱ्याचा जुना गणवेश काढला, कडक इस्त्री केली, त्याला आत घातला आणि दाराबाहेर उभा केला.

“जा. ती बोलावतेय तुम्हाला.”

स्वतः मात्र ती कधी गेली नाही. शेजारपाजारचे जाऊन आले, लेक-जावई जाऊन आले. ती म्हणायची, “सवतीच्या दारात मी पाय ठेवणार नाही. तिनं हात जोडले तरी नाही.” लोक हसायचे. पण आतली गोष्ट वेगळी होती. इतकी वर्षं मनात सजवलेली ती केबिन होती ना, तिला कुठं धक्का लागू नये असं तिला वाटायचं.

संग्रहालयाचे व्यवस्थापक पूर्वी एका मत्स्यालयात होते. बारीक मानेचे, कायम टाय लावलेले, आणि काचेला कुणी बोटं लावली की कासावीस होणारे. त्यांनी नवऱ्याला पाठ करायला भाषण दिलं होतं. त्याची सुरुवात होती, ‘अथांग सागराच्या उदरात, अंधाराशी झुंज देत...’ नवरा ते पाढ्यासारखं म्हणायचा. लोक जांभया द्यायचे. आणि इंजिनाच्या खोलीत जन्म गेल्यामुळे त्याला दोनच आवाज माहीत होते, गप्प बसणं आणि ओरडणं. दिवसभर लोखंडी नळीत ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, तो उठेचना. डॉक्टरनं आत आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, “ताण पडून गाठी आल्यात. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.”

तिला राग आला तो वेगळाच. “घरात जन्मभर मौन पाळलंत,” ती म्हणाली, “आणि आवाज घालवलात कुठं, तर बाहेरच्या लोकांत!”

सुट्ट्यांचे दिवस, संग्रहालयात गर्दी. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापक लाँड्रीत आले. म्हणाले, “आत्ता नवा माणूस आणू कुठून? यांना वाट, यंत्रं सगळं माहीत आहे. हे बोट दाखवतील. भाषण माझ्याकडे लिहिलेलं आहे, वाचायला फक्त कुणीतरी हवं.” मग टायची गाठ चाचपत तिच्याकडे बघत म्हणाले, “तुमचा आवाज तर मला पार धक्क्यापर्यंत ऐकू येतो.”

हे ऐकल्याबरोबर नवरा ताडकन उठला आणि दोन्ही हात हलवून नाही, नाही करायला लागला. गुडघ्यांकडे बोट दाखवलं, डोक्याकडे दाखवलं, जिना चढायची खूण केली, पडायची केली.

ती हरखलीच. “बघा कशी काळजी करतात! अहो, उतरेन मी. एवढं काही म्हातारपण आलेलं नाही.”

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

सकाळी पहिलीच तुकडी आली ती बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींची. नवरे पुढं, बायका मागं, सगळ्यांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या. ती हातात भाषणाचे कागद घेऊन जिना उतरली, आणि शेवटच्या पायरीवर थबकली. सगळी पाणबुडी धुतलेली होती, पुसलेली होती, रंगवलेली होती. पण वास तोच.

“हाच तो!” ती मोठ्यानं म्हणाली. “आयुष्यभर धुतला मी हा!”

मंडळी हसली. तिनं कागद सावरले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “अथांग सागराच्या उदरात, अंधाराशी झुंज देत... अगं आई गं!”

डोक्यावरच्या पाइपानं तिचं स्वागत केलं होतं. हातातले कागद सुटले, पायाखालच्या लोखंडी जाळीतून अलगद घसरले आणि खालच्या काळोखात दिसेनासे झाले. सगळे वाकून बघायला लागले. नवऱ्यानं हात घालून बघितला, नुसतं तेल लागलं.

“जाऊ द्या,” ती डोकं चोळत म्हणाली. “सागराचं उदर गेलं सागराच्या उदरात. आपण नुसतं बघू. मीही पहिल्यांदाच आलेय. अहो, तुमची केबिन कुठंय?”

नवरा तिथंच, त्या पहिल्या टॉर्पेडोच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं घाईघाईनं पुढं बोट केलं. चला, चला.

गोल दारातून एक पाय, मग डोकं, मग उरलेलं अंग, असं करत सगळे पलीकडे आले. तिथं बोळकांडीत एक पडदा बाजूला सारलेला होता. आत कपाटाएवढी जागा. त्यात एक पलंग, एक घडीचं टेबल, टेबलावर दिवा, आणि काचेखाली पांढरा टेबलक्लॉथ, कडेनं हिरव्या पानांची वेल. त्यातलं एक पान निळं. त्या वेळी हिरवा दोरा संपला होता आणि दुकान लांब होतं.

तिचा ऊर भरून आला. दार नव्हतं, पडदा होता. जागा तिनं धरली होती त्याहून बरीच लहान होती. असू दे. ती मंडळींकडे वळली आणि ऐटीत म्हणाली, “ही यांची केबिन. आणि तो टेबलक्लॉथ मी भरलेला!”

मंडळी कौतुकानं पुढं सरकली. त्यातल्या एका गृहस्थांनी चष्मा वर केला आणि भिंतीवरची पितळी पाटी वाचली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेला माणूस तो. म्हणाला, “पण बाई, इथं लिहिलंय, कप्तानाची केबिन. आणि टेबलक्लॉथ कप्तानाच्या पत्नीने स्वहस्ते भरलेला.”

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा छतावरचा एक पाइप अशा बारकाईनं बघत होता, जणू तो आत्ताच गळायला लागेल.

“अहो.”

पाइप.

“अहो, मी तुमच्याशी बोलतेय. तुम्ही कुठं झोपायचात?”

आता सगळी बँक त्याच्याकडे बघायला लागली. पळून जायला एकच वाट, आणि तिच्यात चार जाडजूड माणसं अडकलेली. त्यानं खांदे पाडले आणि सगळ्यांना परत टॉर्पेडोच्या खोलीत नेलं. जिथं मघाशी तो पाठ लावून उभा होता तिथून बाजूला झाला. टॉर्पेडोच्या वर आणि पाइपांच्या खाली एक फळी साखळीनं टांगलेली होती. त्यानं फळीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे.

“हे? अहो, माझं इस्त्रीचं फळकूट याहून रुंद आहे!”

त्यानं तीन बोटं वर केली.

“तीन काय? तीन फळ्या?”

मान नाही म्हणाली. त्यानं एकाला झोपवलं, उठवून कामाला पाठवलं, दुसऱ्याला झोपवलं, त्यालाही उठवलं.

“म्हणजे एका फळीवर तिघं, पाळीपाळीनं? दुसऱ्याच्या घामानं ओल्या अंथरुणात?”

मान हो म्हणाली. मागून एक बाई पुटपुटली, “शी!”

“आणि बाकीचे टेबलक्लॉथ? दर हिवाळ्याला एक दिलाय मी!”

नवऱ्यानं क्षणभर विचार केला. मग सुटका नाही हे ओळखून त्यानं हवेतच एक लांब दांडा धरला आणि तो वरपासून खालपर्यंत मन लावून पुसला. मग हात पुसले. मग, एकदा सुरुवात केलीच आहे तर, मानही पुसली.

“इंजिन पुसायला वापरले वाटतं,” चष्मेवाले गृहस्थ समजावून सांगायला लागले.

“कळलं मला!” ती कडाडली. “तीस वर्षं या माणसाशी संसार केलाय. खुणांशिवाय दुसरं मिळालंय काय मला?”

आणि तिथं जो हशा फुटला तो त्या लोखंडी नळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला. एक बाई हसता हसता टॉर्पेडोवर बसली. त्यांच्या हसण्यानं तिच्या अंगातही काहीतरी शिरलं. पुढं ती नवऱ्याला सोडायलाच तयार नव्हती. संडासाशी आली तर तिथं झडपा उघडायचा क्रम लिहिलेली भलीमोठी पाटी. तिनं त्याला एकेक झडप दाखवायला लावली. क्रम चुकला तर समुद्राचा दाब सगळं परत वर पाठवतो, म्हणजे बसणाऱ्याच्या अंगावर, हे त्याच्या खुणांवरून सगळ्यांना नीट समजलं.

“तुमच्यावर आलं होतं कधी?”

नवऱ्यानं एक झडप उगाच घट्ट केली. मग दोन बोटं वर केली.

संध्याकाळी लाँड्रीत ती एकच सदरा कितीतरी वेळ इस्त्री करत उभी होती. मग तिनं लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील गं, आई,” लेक म्हणाली.

“वाटलं होतं ना बरं! तेच तर.” तिचा आवाज चिरकला. “इथं लोकांच्या ओल्या पँटींखाली झोपताना मी मनातल्या मनात म्हणायचे, हा मजेत आहे, याला खोली आहे. चिडायचे त्याच्यावर. आणि हा माणूस तिकडं सामानाच्या फळीवर बॅगेसारखा पडलेला. मी इतकी वर्षं कशाचा हेवा करत होते, सांग ना?”

फोन ठेवून ती वर आली. नवरा पलंगाच्या कडेवर बसला होता, मांडीवर पाटी-पेन्सिल. डॉक्टरनं बोलायला बंदी घातल्यापासून तो पाटीवर लिहायचा. त्यानं पाटी पुढं केली. लिहिलं होतं, ‘तुझ्या आईने विचारलं, राहायची सोय काय. लाज वाटली. केबिन म्हणालो. मग पाडता येईना.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, “एक खिडकी मी पण काढली होती तिला,” आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. कागद जाळीखालीच होते, आणि नवे आणायची तिची इच्छा नव्हती. बँकवाल्यांनी गावभर सांगितलं होतं, त्यामुळे लोक आता ‘त्या नवरा-बायकोची फेरी’ मागायला लागले. ती बोलायची, तो खुणा करायचा, ती त्या खुणांचा सोयीस्कर अर्थ लावायची, तो मान हलवून नाही म्हणायचा. व्यवस्थापकांची पंचाईत झाली. लोक तर दारात मावत नव्हते, आणि आतून ऐकू येत होतं ते त्यांच्या भाषणात कुठंच नव्हतं.

“निदान संडासापाशी इतका वेळ थांबू नका,” ते म्हणाले.

“लोकच थांबतात, मी काय करू? आणि ती टेबलक्लॉथची पाटी बदला आधी. खोटी आहे.”

“पाटी समितीनं मंजूर केलीय. बदलायची तर समिती बसायला हवी.”

“मग बसवा.”

“समिती लवकर बसत नाही हो.”

“इतके दिवस उभी आहे तर थकली असेल बिचारी,” ती म्हणाली.

महिनाभरात संग्रहालयाचा वाढदिवस आला. पाहुणे म्हणून पाणबुडीचे जुने कप्तान येणार होते, सपत्नीक. व्यवस्थापकांनी भाषण नव्यानं छापून घेतलं, जाळीतून पडू नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं, आणि तिच्या हातात देताना जवळजवळ गयावया केली. “आजचा दिवस फक्त हे. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही.”

त्यांचा चेहरा बघून तिला दया आली. तिनं कबूल केलं.

कप्तान आता चांगलेच सुटले होते. गोल दारातून त्यांना आधी पोट आणावं की आधी डोकं, हे ठरवायला वेळ लागत होता. कप्तानांची पत्नी उंच, काळा चष्मा लावलेली, आणि पहिल्या पायरीपासूनच कंटाळलेली. मागं समितीची चार माणसं, ही समिती आज पहिल्यांदाच एका ठिकाणी दिसत होती. हातात पुठ्ठा धरून मेकॅनिकची बायको ‘अथांग सागराच्या उदरात’पासून शहाण्या मुलीसारखी वाचत होती. नवरा बोट दाखवत होता. सगळं सुरळीत चाललं होतं.

केबिनपाशी आल्यावर व्यवस्थापकांना राहवलं नाही. ते पुढं झाले. “आणि हा, मॅडमनी स्वतः भरलेला टेबलक्लॉथ!”

कप्तानांच्या पत्नीनं चष्मा काढला.

“मी?” ती म्हणाली. “मला सुई दिलीत तर कुठल्या टोकानं धरायची ते विचारावं लागेल.” मग ती हळूच कप्तानांकडे वळली. “कुणी भरून दिला हो हा?”

एवढ्या मोठ्या पाणबुडीचा कप्तान, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं, मला आठवत नाही... जुनी गोष्ट...”

“पत्नीनं भरलेला म्हणून लिहिलंय. कुणाच्या पत्नीनं?”

तिनं पुठ्ठा घट्ट धरला होता. जीभ दाताखाली दाबून ठेवली होती. पण जिभेलाही काही सोसण्याची मर्यादा असते.

“माझा आहे,” ती म्हणाली. “पण तुम्हाला वाटतंय तसं काही नाही, मॅडम.”

समितीतला एकजण खोकला. कप्तानांनी मेकॅनिककडे बघितलं. “अरे, सांग ना तू!”

मेकॅनिकनं गळ्याकडे बोट दाखवलं आणि आकाशाकडे बघायचं म्हणून छताकडे बघितलं.

मग कप्तान पलंगाच्या कडेवर टेकले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. म्हणाले, “आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होतो. हा माझ्या पडद्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, बायकोचे दिवस भरलेत, दोन दिवस सोडा. मी म्हटलं, वेडा झालास का? मेकॅनिकशिवाय निघू कसा, वल्ही मारत? हा बोलेना. जाईना पण. बराच वेळ उभा राहिला, मग शर्टातून ही घडी काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. म्हणाला, साहेब, तुमच्या टेबलाला शोभेल.” कप्तानांनी काचेवर हात ठेवला. व्यवस्थापकांनी काच पुसायला खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. “तुम्हाला कल्पना नाही. इथं सगळं करडं. भिंती करड्या, कप करडे, आमचे चेहरे करडे. त्यात ही पानं. मी वर कळवलं, इंजिनात बिघाड, दोन दिवस निघता येत नाही.”

“म्हणजे सगळ्या नौदलाला थाप मारलीत?” त्यांची पत्नी म्हणाली.

“मारली.”

“आणि त्यासाठी लाच घेतलीत.”

“घेतली,” कप्तान म्हणाले. “आणि या लोकांनी ती काचेखाली जपून ठेवलीय.”

इकडं मेकॅनिकच्या बायकोला लेकीच्या जन्माचा दिवस आठवला. दवाखान्याच्या दारात उभा राहिलेला नवरा, डिझेलचा भपकारा, आणि “आधी धुऊन या!” म्हणून त्याला हाकलून देणारी नर्स. मग अर्ध्या तासानं केस ओले, कान लाल अशा अवतारात तो परत आला होता आणि लेकीला असं धरलं होतं की जणू तिची एखादी झडप उघडी राहिलीय. तिनं विचारलं होतं, रजा कशी मिळाली? तो म्हणाला होता, सगळ्यांनाच होती.

तिनं आता त्याच्याकडे बघितलं. तो अजून पाइपच बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. तिला काहीतरी मोठं, चांगलं बोलावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते असं, “त्यातलं एक पान निळं आहे. हिरवा दोरा संपला होता.”

“दोरा संपला होता?” कप्तान थक्क होऊन म्हणाले. “वर्षानुवर्षं त्या पानाकडे बघून मी डोकं खाजवलं. मला वाटायचं, याचा काही गूढ अर्थ असेल.”

त्यानंतर पुठ्ठ्यावरचं भाषण कुणी ऐकलं नाही. कप्तानांच्या पत्नीनं स्वतःच संडास बघायचा हट्ट धरला, सगळ्या झडपा हात लावून बघितल्या, आणि मग कप्तानांना एक प्रश्न विचारला. ते कप्तान होते, त्यामुळे त्यांनी उत्तर दिलं नाही. पण मेकॅनिकनं त्यांच्या पाठीमागून चार बोटं दाखवली.

समिती बसली. पाटी बदलली. ‘मेकॅनिकच्या पत्नीने भरलेला, कप्तानास लाच म्हणून दिलेला’ असं कप्तानांनी स्वतः लिहून पाठवलं होतं. ‘लाच’ हा शब्द समितीला पचला नाही, त्यांनी ‘भेट’ केला. फेरीत ती लोकांना पाटी वाचून दाखवते आणि तो शब्द तोंडी दुरुस्त करते. तिची नेमणूक रीतसर झाली, लाँड्री तिनं शेजारणीला चालवायला दिली. डॉक्टरनं नवऱ्याला बोलायची परवानगी दिली तेव्हा त्याचा पहिला शब्द काय असेल याची तिला फार उत्सुकता होती. “तिसरी झडप तू रोज चुकीची सांगतेस,” असं तो म्हणाला. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, थांबलाच नाही. जेवताना, झोपताना, रस्त्यानं जाताना तो तिला खालच्या गोष्टी सांगायला लागला. कुणाला अंधारात काय दिसायचं, हवा संपत आली की आचारी कसा शिट्टी वाजवायचा, कोण कुणाचं अंतर्वस्त्र घालून किनाऱ्यावर उतरलं. ती ऐकायची, त्यात थोडं तिखटमीठ लावायची आणि दुसऱ्या दिवशी लोकांना सांगायची.

आता त्याचे गुडघे गेलेत. जिना जमत नाही, म्हणून तो बाहेर तिकिटाच्या खिडकीत बसतो. तिकीट फाडून देताना प्रत्येकाला बजावतो, “आत एक बाई भेटेल. तिचं निम्मंच खरं मानायचं.”

कुणीतरी विचारतंच, “कुठलं निम्मं?”

“तेवढं जर मला कळलं असतं,” तो म्हणतो, आणि पुढच्याला हाक मारतो.